मॉडेलमधून एस्टिमेट काढताना: कोकणातल्या बांधकामासाठी क्रमवार पद्धत

रेव्हिटमध्ये (इमारतीचं त्रिमिती मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) मॉडेल झालं, शेड्यूल (मॉडेलमधल्या घटकांचा मापांसकट तक्ता) काढलं, एक्सेलमध्ये दर टाकून गुणाकार केला आणि एस्टिमेट मालकाच्या हातात दिलं. काम लिंटेलपर्यंत (दारं-खिडक्यांच्या वरच्या पट्टीपर्यंत) येतं तोवर पैसे संपत आलेले असतात आणि खापर सॉफ्टवेअरवर फुटतं. वास्तविक सॉफ्टवेअरने समोर दिसलेल्या आकृत्या इमानाने मोजलेल्या असतात. पण ठेकेदाराचं बिल निघतं ते मोजमापाच्या नियमांनी. शिवाय साइटवर लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी मॉडेलमध्ये कुणी काढलेल्याच नसतात. मॉडेलचा आकडा आणि दर यांच्यामध्ये जी कामं करायची असतात, ती गाळली जातात. हा लेख त्या मधल्या कामांचा आहे.

क्रम रेव्हिट धरून लिहिला आहे. आर्किकॅडवर (रेव्हिटसारखंच दुसरं सॉफ्टवेअर) किंवा आयएफसी फाइलवर (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारी मॉडेलची सामाईक फाइल) काम करणाऱ्यांना बटणं वेगळी सापडतील, क्रम तोच ठेवावा. डोळ्यांसमोर रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचं नेहमीचं घर आहे: आरसीसीचा (सळई घातलेल्या काँक्रीटचा) सांगाडा, चिऱ्याच्या (जांभ्याच्या कापीव दगडाच्या) भिंती, वर स्लॅब आणि स्लॅबवर कौलाचं किंवा पत्र्याचं उतरतं छप्पर.

१. मॉडेल उघडण्याआधी साइट बघून या

हे काम सगळ्यात शेवटी केलं जातं किंवा केलंच जात नाही. मॉडेलला रस्ता ठाऊक नसतो. घर मोठ्या रस्त्यापासून पाखाडी (पायऱ्यांची वाट) उतरून खाली असेल, तर ट्रान्झिट मिक्सर (तयार काँक्रीट आणणारा ट्रक) येणार नाही, काँक्रीट जागेवर कालवावं लागेल आणि वाळू, खडी, चिरा, सिमेंट सगळं डोक्यावरून न्यावं लागेल. घनमीटर तेवढेच राहतात, दर बदलतो.

साइटवर एवढं लिहून आणा:

- ट्रक कुठपर्यंत येतो आणि तिथून जोत्यापर्यंत चालत अंतर किती, उतार किती.
- जमीन काय आहे. वर लाल माती, मग मुरूम, मग जांभा असे थर असतील तर प्रत्येकाच्या खोदाईचा दर वेगळा. सड्यावरच्या (उघड्या पठारावरच्या) कातळात ब्रेकर लावावा लागतो. उलट, कडक जांभ्याखाली मऊ चिकणमाती निघू शकते, म्हणून शेजारच्या विहिरीचा कापलेला कडा बघा, त्यात थर उघडे दिसतात.
- पाणी विहिरीचं की टँकरचं. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी तपासून घ्या. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे आरसीसीसाठी क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. पाणी नापास झालं तर टँकरचा खर्च एस्टिमेटमध्ये येणार.
- समुद्र किती जवळ आहे आणि मध्ये आडोसा आहे का.
- चिरा कोणत्या खाणीचा येणार. तिथला एक चिरा टेपने मोजा. खाण बदलली की माप बदलतं, आणि पुढे भिंतीचा सगळा हिशेब या मापावर उभा राहतो.

आरसीसी डिझायनरकडून बार बेंडिंग शेड्यूल (कोणती सळई किती आणि कशी वाकवायची त्याचा तक्ता) मागून घ्या. ते तयार नसेल तर निदान काँक्रीटची ग्रेड (ताकदीचा दर्जा) आणि कव्हर (सळईवरच्या काँक्रीटची जाडी) लेखी घ्या. आयएस ४५६:२००० मध्ये किनारी वातावरणाला उघडं असलेलं काँक्रीट तीव्र गटात येतं: किमान एम-३०, कव्हर ४५ मिमी. समुद्राचे तुषार अंगावर येत असतील तर अतितीव्र गट, म्हणजे एम-३५ आणि ५० मिमी. मॉडेलच्या टेम्प्लेटमध्ये मात्र बहुतेक वेळा एम-२० पडून असतो आणि तोच एस्टिमेटमध्ये उतरतो.

२. मॉडेल साफ करा

या टप्प्यावर दराचा विचार करू नका. आधी मॅनेज टॅबमधली वॉर्निंग्जची यादी उघडा. एकाच जागी दोन सारखे घटक असून शेड्यूलमध्ये दुहेरी मोजणी होईल, अशी एक वॉर्निंग तिथे असते. ती आधी संपवा. कॉपी-पेस्ट करताना कॉलमवर कॉलम बसलेला डोळ्यांना दिसत नाही, बिलात दिसतो.

मग हे बघा.

*बीम आणि स्लॅब.* दोघांचे सांधे जॉइन केलेले नसतील तर सामाईक काँक्रीट दोनदा मोजलं जातं. २३० × ४५० चा बीम आणि १२५ मिमी स्लॅब धरला तर दर मीटरला ०.२३ × ०.१२५ म्हणजे ०.०२८७५ घनमीटर जास्त. घरात १२० मीटर बीम असतील तर जवळजवळ साडेतीन घनमीटर काँक्रीट हवेत.

*भिंतीची उंची.* मॉडेलमध्ये भिंत एका लेव्हलपासून पुढच्या लेव्हलपर्यंत सरळ ओढलेली असते. मजला ३ मीटरचा आणि वर ४५० चा बीम असेल तर चिऱ्याचं काम २.५५ मीटरच होणार. भिंत बीमच्या तळाला अटॅच करा किंवा वरचा ऑफसेट द्या.

*भिंतीतले कॉलम.* स्ट्रक्चरल कॉलम भिंतीला आपोआप कापत नाही, जॉइन करावं लागतं. नाहीतर चिरा कॉलमच्या आतूनही मोजला जातो.

*एकसंध उंच भिंत.* जोत्यापासून गच्चीपर्यंत एकच भिंत ओढली असेल तर ती मजल्यांवर तोडा. वरच्या मजल्याला चढावाचा (माल वर चढवण्याचा) दर जादा असतो, आणि एक घटक दोन दरांत बसत नाही.

*फेज (कामाचा टप्पा) आणि लिंक (जोडलेलं दुसरं मॉडेल).* जुन्या घराला जोडून काम असेल तर पाडायच्या भिंती शेड्यूलमध्ये घुसल्या नाहीत ना, ते फेज फिल्टरवर बघा. स्ट्रक्चरचं मॉडेल लिंक केलेलं असेल तर लिंकमधले घटक धरण्याची खूण शेड्यूलमध्ये मुद्दाम करावी लागते.

> तपासणी: एक छोटी खोली निवडा आणि तिच्या भिंती, स्लॅब, बीम कागदावर हाताने मोजा. मॉडेलच्या आकड्यात दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर पुढे जाऊ नका. एका खोलीत जी चूक असते ती सहसा घरभर असते.

३. मोजमापाचा नियम ठरवा आणि लिहून ठेवा

सगळ्यात जास्त पैसे इथे सांडतात, म्हणून थोडं सविस्तर.

सरकारी कामात मोजमाप आयएस १२०० (बांधकाम मोजण्याच्या पद्धतीचं भारतीय मानक) प्रमाणे होतं. खाजगी कामात ठेकेदार जे बोलेल ते. काही गवंडी दारं-खिडक्या वजा न करता सलग भिंत मोजतात आणि त्या मानाने दर कमी लावतात. दोन्ही पद्धती चालतील, पण दर एका पद्धतीचा आणि माप दुसऱ्या पद्धतीचं, असं होता कामा नये.

प्लास्टरचं उदाहरण घ्या. भिंत ६ मीटर लांब, ३ मीटर उंच. तिच्यात एक दार १.० × २.१, एक खिडकी १.५ × १.२ आणि एक झरोका ०.६ × ०.६. दोन्ही अंगांना सारखंच प्लास्टर.

रेव्हिटचं वॉल शेड्यूल भिंतीच्या एकाच अंगाचं क्षेत्र देतं, आणि तेही सगळी उघडी (दारं-खिडक्यांच्या मोकळ्या जागा) वजा करून:

१८.०० − (२.१० + १.८० + ०.३६) = १३.७४ चौ.मी. दोन्ही अंगं मिळून २७.४८.

आयएस १२०० भाग १२ चा नियम असा. अर्धा चौरस मीटरपर्यंतचं उघडं वजा करायचं नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरचं एकाच अंगाला वजा करायचं, कारण दुसऱ्या अंगाच्या बदल्यात गवंडी बगला, माथा आणि उंबऱ्याची कड लिंपतो. तीनच्या वरचं दोन्ही अंगांना वजा करायचं आणि बगला वेगळ्या मोजायच्या. म्हणून:

३६.०० − (२.१० + १.८०) = ३२.१० चौ.मी.

एका भिंतीत ४.६२ चौरस मीटरचा फरक, मॉडेलच्या आकड्यावर जवळजवळ सतरा टक्के. आणि ज्यांनी दुसरं अंग धरायचंच विसरून १३.७४ वर दर लावला, त्यांचं प्लास्टर निम्म्याहून जास्त गायब.

करायचं काय? शेड्यूलमधून निव्वळ क्षेत्र घेऊ नका. भिंतीची लांबी आणि उंची वेगळी काढा. दारं-खिडक्यांचं शेड्यूल वेगळं काढा आणि त्यात प्रत्येक उघड्याच्या आकारावरून ‘वजा किती अंगांना: शून्य, एक, दोन’ असा एक रकाना सूत्राने भरा. लांबी मध्यरेषेवरची येते हे लक्षात ठेवा. आतल्या प्लास्टरला खोलीची परिमिती जास्त विश्वासू.

काँक्रीटला आणि बांधकामाला वेगळे नियम आहेत. ०.१ चौरस मीटरपर्यंतची भोकं वजा होत नाहीत, सळईचं घनफळ काँक्रीटमधून वजा होत नाही.

चिऱ्याच्या बाबतीत आणखी एक खोच. टेम्प्लेटमधली भिंत २३० मिमीची विटेची असते, त्यावर नुसता रंग बदलून तिला चिऱ्याची म्हणतात. चिरा नगावर विकत मिळतो, घनमीटरवर नाही. समजा तुमच्या खाणीचा चिरा १४ × ९ × ७ इंच आणि दरज (दोन चिऱ्यांमधला सांधा) अर्ध्या इंचाची. भिंतीच्या तोंडावर एक चिरा १४.५ × ७.५ इंच जागा घेतो, म्हणजे १०० चौरस फुटांना साधारण १३२ नग. यावर तुटफूट धरा. मी खाण बघून सात ते दहा टक्के धरतो, पाखाडीवरून उतरवायचा असेल तर वरची बाजू. चिरा बाहेरून उघडा ठेवून दरजा भरायच्या असतील तर बाहेरचं प्लास्टर काढून टाका आणि पॉइंटिंगचा वेगळा आयटम घ्या. हे मालकाशी आधीच बोलून घ्या, मागाहून मन बदलतं ते इथेच.

> थांबा: ब्रास हा शब्द दोन मापांना वापरतात. वाळू-खडीचा ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. प्लास्टर-फरशीवाल्याचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. दर विचारताना कोणता ब्रास, ते त्याच वहीत त्याच ओळीत लिहा.

४. शेड्यूल काढा, पण आधी कोड द्या

प्रत्येक घटकाला बीओक्यूच्या (कामांची आणि परिमाणांची यादी) आयटमचा क्रमांक जोडणारा एक पॅरामीटर (माहितीचा रकाना) बनवा आणि तो टाइपला (एकसारख्या घटकांच्या प्रकाराला) भरा. मग कोड रिकामा असलेल्या घटकांचं एक वेगळं शेड्यूल करून ठेवा. ते रिकामं होईपर्यंत एस्टिमेट सुरू झालेलं नाही असं समजा.

एक्सेलमध्ये नेताना आकड्यामागचं एकक बंद करा. ‘१२.३५ घ.मी.’ असं गेलं तर एक्सेल त्याला मजकूर समजतं आणि बेरीज शून्य दाखवतं. पूर्ण शून्य आलं तर कळतं तरी. चार-दोन ओळीच मजकूर झाल्या तर बेरीज थोडी कमी येते आणि कुणाला पत्ता लागत नाही. राउंडिंग दोन दशांशांवर ठेवा, पूर्णांकावर नको.

आयएफसी घ्यायची असेल तर पाठवणाऱ्याला बेस क्वांटिटीज (घटकांची मूळ मापं) एक्सपोर्ट करायला सांगा. त्यात भिंतीचं सकल आणि निव्वळ क्षेत्र वेगवेगळं येतं, वरच्या नियमाला ते बरं पडतं.

५. मॉडेलमध्ये नसलेली कामं

ही यादी मॉडेल न बघता, घर पायापासून बांधत जाऊन मनात चालवा आणि लिहा.

खोदाई. दीड मीटर चौरस, ४५० मिमी जाड फुटिंग (कॉलमखालचा पाया) मॉडेलमध्ये १.०१ घनमीटर दिसतं. पण पीसीसी (फुटिंगखालचा साध्या काँक्रीटचा थर) चारी बाजूंना १५० मिमी बाहेर धरली आणि खोली दीड मीटर घेतली, तर एका खड्ड्याची खोदाई ४.८६ घनमीटर. थरांप्रमाणे ती वाटून घ्या. परत भराव, उरलेल्या मातीची वाहतूक, जोत्यातला मुरूम, दगडी सोलिंग हे सगळं यामागोमाग येतं. उतारावरच्या जागेत जोत्याची एक बाजू चार फूट आणि दुसरी नऊ फूट होते, मॉडेलमध्ये जमीन सपाट काढलेली असेल तर हा भराव सापडणारच नाही. मातीला धरणारी संरक्षक भिंत आणि गडगाही (दगडी कुंपण) त्यातच विसरला जातो.

सेंटरिंग (काँक्रीट ओतायचा फळ्यांचा साचा). घनफळावरून ते काढू नका. २३० × ४५० चा ३ मीटर कॉलम ०.३१ घनमीटर आहे, पण त्याला फळ्या लागतात ४.०८ चौरस मीटरला. फुटिंगचं काँक्रीट जास्त आणि फळ्या कमी, पडदी आणि छज्ज्याचं उलट. प्रत्येक घटकाच्या मापांवरून सूत्राने काढा.

सळई. बार बेंडिंग शेड्यूल असेल तर दर मीटरचं वजन व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे १२ मिमीची ०.८८९ किलो. लॅप (सळयांचे एकावर एक येणारे सांधे), खुर्च्या (वरच्या सळया उचलून धरणारे आधार) आणि कट-तुकड्यांचं नुकसान वेगळं. शेड्यूल नसेल तर स्लॅबला घनमीटरमागे ८० ते १००, बीमला १२० ते १६०, कॉलमला १५० ते २०० किलो असा ढोबळ आकडा धरतात. तो एस्टिमेटमध्ये ढोबळ म्हणूनच लिहा.

छप्पर. इथे कोकणातलं एस्टिमेट हमखास आपटतं. घर १० × ८ मीटर, म्हणून छप्पर ८० चौरस मीटर, असा हिशेब होतो. पावसासाठी पागोळ्या चारी बाजूंना ०.९ मीटर बाहेर काढल्या की आराखड्यातलं क्षेत्र ११.८ × ९.८ म्हणजे ११५.६४ होतं. त्यात ३० अंशांचा उतार धरला की प्रत्यक्ष क्षेत्र १३३.५. ऐंशीच्या दीडपटीहून जास्त. रेव्हिटमध्ये रूफ नीट काढलेलं असेल तर उताराचं क्षेत्र मिळतं, पण स्लॅबवरचं पत्र्याचं छप्पर बहुतेक मॉडेलमध्ये काढलेलंच नसतं, ‘ते नंतर बघू’ म्हणून. कोन्याची कौलं, पन्हळ, वाशांचं किंवा पाइपचं काम आणि वाऱ्याला धरणारे बोल्ट-पट्ट्या वेगळ्या मोजा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं, त्यानंतर पत्र्याच्या बांधणीवर काटकसर करा म्हणणारे मालक मला तरी भेटलेले नाहीत.

उरलेलं थोडक्यात: वॉटरप्रूफिंग, पश्चिमेच्या भिंतीवरचे वेदर शेड, सेप्टिक टँक आणि शोषखड्डा, विहिरीपासूनची पाइपलाइन, वीजमीटरची केबल, ओटा, तुळशीवृंदावन, मांडवाचे खांब. खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात ग्रील, बिजागऱ्या आणि स्क्रू कशाचे घ्यायचे ते दर लावण्याआधी ठरवा.

६. आता दर

सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची आधाराला घ्या, पण तिच्या सुरुवातीच्या टिपा आधी वाचा: दरात किती अंतराची वाहतूक धरली आहे, कोणता चढाव धरला आहे, जीएसटी आत आहे की बाहेर. बहुतेक जण आयटमच्या पानावर उडी मारतात.

मोठ्या आयटमचं दर-पृथक्करण (दर माल, मजुरी वगैरेंत फोडून मांडणं) स्वतः करा. काँक्रीट, सळई, चिऱ्याचं काम, सेंटरिंग, प्लास्टर, फरशी आणि छप्पर एवढ्यांचं केलं तरी खर्चाचा बहुतेक भाग हातात येतो. दर-पृथक्करणाची जुनी एक्सेल वापरत असाल तर कराचे रकाने बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तरी जुन्या फाइलींत २८ तसाच बसलेला असू शकतो. बांधकाम कामगार कल्याण उपकराचा १ टक्का लागू होत असेल तर तोही धरा.

घाटावरून येणाऱ्या मालाचा दर साइटपोच मागा. दुकानातला नको. पाखाडी असेल तर डोक्यावरच्या वाहतुकीचा वेगळा आयटम करा आणि त्यात टन लिहा. टन मात्र मॉडेलमधून छान निघतात. दरात ही वाहतूक मिसळून टाकली तर ठेकेदाराशी घासाघीस करताना कोणता पैसा कशाचा, ते सांगता येत नाही.

पावसाळ्याचा खर्च स्वतंत्र लिहा. मृग लागायच्या आत स्लॅब पडला नाही तर पुढचे चार महिने खड्ड्यातलं पाणी उपसणं, ताडपत्री, सिमेंटचं उंच आणि कोरडं गोदाम, बसून राहिलेलं सेंटरिंगचं भाडं असं सगळं चालू राहतं. शिमग्याला आणि गणपतीला माणसं गावी जाणार, हे वेळापत्रकात आधीच धरा. त्यावर रागवण्यात अर्थ नाही.

> थांबा: अनपेक्षित खर्चाचे टक्के हे विसरलेल्या आयटमचं पांघरूण करू नका. पाचव्या टप्प्याची यादी पूर्ण केल्यावरच ते टक्के लावा, आणि कशासाठी लावले ते एका ओळीत लिहा: कातळ जास्त लागला तर, सळईचा भाव हलला तर.

७. उलटतपासणी

एकूण रकमेला बांधीव क्षेत्राने भागून दर चौरस फूट काढतात, ते ठीक, पण त्यातून चूक सापडत नाही. एक आकडा जास्त आणि दुसरा कमी असेल तर सरासरी गोड दिसते. त्याऐवजी घटकांची गुणोत्तरं बघा. साध्या आरसीसी घराला चौरस फुटामागे साधारण ४ किलो सळई आणि ०.४ पोती सिमेंट असा ढोबळ ठोकताळा आहे. तुमचा आकडा सळईला दोन किंवा सात आला तर कारण शोधा. चिऱ्याच्या भारवाही भिंती असतील तर सळई कमी येणं साहजिक. सेंटरिंगच्या एकूण क्षेत्राला काँक्रीटच्या एकूण घनफळाने भागा. तो भागाकार अगदी गोल आकड्यात येत असेल तर कुणीतरी सूत्राऐवजी ठोकताळा वापरला आहे.

मग सगळे आयटम रकमेप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा. वरचे दहा पुन्हा हाताने तपासा. खालचे चाळीस तपासण्यात दिवस घालवू नका.

८. मालकाने खिडकी हलवल्यावर

बदल येणारच. ज्या दिवशीच्या मॉडेलवरून एस्टिमेट दिलं त्या फाइलची प्रत तारखेसह वेगळी ठेवा आणि शेड्यूलमध्ये प्रत्येक घटकाचा आयडी राहू द्या. नवीन मॉडेल आलं की दोन्ही शेड्यूल आयडीवर जुळवा: नवे कोणते, गेलेले कोणते, माप बदललेले कोणते. भिंत पुसून पुन्हा काढली असेल तर तिचा आयडी बदलतो आणि ती ‘गेली’ आणि ‘नवी’ अशी दोनदा दिसते. अशा जोड्या आधी काढून टाका.

मॉडेलबाहेरच्या यादीकडे आपणहून जा, सॉफ्टवेअर आठवण करून देणार नाही. खिडकी मोठी झाली की चिरा आणि प्लास्टर शेड्यूलमध्ये आपोआप बदलतं, पण लिंटेलची सळई, वेदर शेड आणि ग्रील बदलत नाही. खिडकीचं उघडं तीन चौरस मीटरच्या पुढे गेलं असेल तर वजावटीचा नियमही बदलला.

मालकाला द्यायच्या प्रतीच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी असू द्या: मॉडेलची तारीख, मोजमापाचा नियम, आणि एस्टिमेटमध्ये न धरलेल्या कामांची यादी. त्या यादीखाली मालकाची सही घ्या.